ताई बोलायला लागली

४ मार्च, सोमवार
सामान आलं, पाठोपाठ आम्हीही आलो. घर तळमजल्यावर, चार खोल्या एकीमागे एक, मध्ये कुठेही उंबरा नाही. ताईचा वॉकर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत न अडखळता जातो. हे घर घ्यायचं कारण तेवढंच. अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचा गेली त्याला सात महिने झाले. तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. तिच्या नुसत्या हुंकाराने शाळेचा व्हरांडा चिडीचूप व्हायचा. आता सगळ्याला मिळून एकच शब्द, "तेते". चहा तेते, मीही तेते. "तेतेतेते" झालं की समजायचं, मी काहीतरी घोळ घातलाय. आज दिवसभर तेच ऐकलं. उजेड भरपूर आहे, माझं टेबल बरोबर झरोक्याखाली बसलं. मुद्रितं तपासायला याहून बरी जागा नाही.

६ मार्च, बुधवार
वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी शाबूत राहतं. तिच्या ओळखीची गाणी दिवसभर कानावर पडू द्या. भाचीने लगेच चार वायफाय स्पीकर पाठवले आणि फोनवरून मला पढवलं. आधी पासवर्ड, मग एकेका स्पीकरला खोलीचं नाव, मग चौघांचा एक गट, म्हणजे ताई कुठेही गेली तरी गाणं तुटणार नाही. तिच्या मते वीस मिनिटांचं काम. मला दुपार झाली. स्वयंपाकघरातला स्पीकर किंचित मागे पडायचा, गाणारीला कुणीतरी वेडावून दाखवतंय असं वाटे. राउटर मधल्या एका खोलीत हलवला, मग सूत जमलं. प्रत्येक खोलीत कानाच्या उंचीवर एक छोटी फळी आधीच ठोकलेली होती, स्पीकर तिच्यावर नेमके बसले. आयतीच सोय.
ताई गुणगुणत चारही खोल्या फिरली. माझ्या दोन ओळी तपासायच्या राहिल्या असतील, डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

९ मार्च, शनिवार
ताई बोलली! मी शोधाशोध करत होते, तिने कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "चष्मा." अगदी स्वच्छ. भाचीला फोन लावला. ती रडली, मी रडले, आणि ताई माझ्याकडे वर्गात खिदळणाऱ्या पोरीकडे पाहावं तशी पाहत राहिली.
दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी पुटपुटतं. मी म्हटलं जाहिरात असेल. भाची म्हणते, यात जाहिराती येतच नाहीत.

१३ मार्च, बुधवार
अकरा शब्द झाले. बाईंनी भिंतीवर यादी लावली आहे, तीच पाहून इथे उतरवते: चष्मा, उशी, कात्री, साबण, खिडकी, चमचा, जिना, टॉवेल, घड्याळ, कुलूप, छत्री.
पुटपुटणं आता नीट ऐकू येतं. गाणं संपतं, क्षणभर शांतता, मग एक बाई एकच शब्द म्हणते. ताई वॉकर थांबवते, मान तिरकी करते आणि तो शब्द म्हणते. असेल शिकवण्याचं एखादं रेकॉर्डिंग, चुकून गाण्यांच्या यादीत घुसलेलं. ती शिकतेय ना, मग मी कशाला मोडता घालू?
आज दुकानात मला ते आंघोळीचं मागता येईना. शेवटी बोट दाखवलं. वय झालं, दुसरं काय.

१६ मार्च, शनिवार
प्रकाशकांचा फोन आला. त्यांनी अगदी सांभाळून विचारलं की तब्येत बरी आहे ना. पाठ्यपुस्तकाच्या मुद्रितात एका शब्दाला मी नऊ ठिकाणी गोल करून समासात लिहिलंय, "हे काय?" शब्द त्यांनी सांगितला. मला तो कळला नाही. त्यांनी पुन्हा सांगितला.
भिंतीवरची यादी मोठ्याने वाचली. अक्षरं वाचता आली. अर्थ एकाचाही लागला नाही.
जो तिच्याकडे आला तो माझ्याकडून गेला.

१८ मार्च, सोमवार
शेजारच्या शिंपीणबाईंना विचारलं, आमच्याआधी इथे कोण होतं. मायलेकी होत्या म्हणे. त्या फळ्या त्यांनीच ठोकून घेतल्या, घरभर गाणी वाजायची. आल्या तेव्हा लेकीला वाचा नव्हती आणि आईच्या तोंडाला खंड नव्हता. गेल्या तेव्हा टेम्पोवाल्याला लेक सूचना देत होती. सगळे म्हणाले, पोरीचं नशीब उघडलं. शिंपीणबाई थोडा वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. मग म्हणाल्या की आई गाडीत बसताना त्यांच्याकडे पाहून तोंड उघडत होती. नुसतंच उघडत होती.
घरी येऊन चारही स्पीकर काढून ठेवले.

१९ मार्च, मंगळवार
ताई गप्प आहे. एक शब्द नाही. माझेही परत आले नाहीत.
दुपारी रिकाम्या फळीला कान लावून उभी राहिली. मग माझा हात धरून रडली. आई-बाबा गेले तेव्हाही ती रडली नव्हती.

२० मार्च, बुधवार
मीच परत लावले.
पहिलं गाणं संपलं तेव्हा मी अगदी जवळ उभी होते. भीती वाटते, तरी लिहून ठेवते. तो आवाज माझा आहे.

२२ मार्च, शुक्रवार
ताई वाक्यं बोलते. भाचीशी तासभर बोलली. मग भाचीने मला विचारलं, मावशी, तू का बोलत नाहीस. मी हो म्हणाले. दुसरं काही —
फोन ठेवल्यावर ताईने विचारलं, "तो तुझा आवाज आहे ना?"
मी हो अशी मान हलवली.
तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "गाणी लाव."

२४ मार्च, रविवार
लावली. का लावली. ताई आहे ती.
आता त्या — ज्यातून उजेड — तिच्यापाशी बसते. ताई मला एकेक दाखवते, नाव सांगते, शाळेतल्यासारखी. मला ते — धरून ठेवता — नाही.
शिंपीणबाई दाराशी आल्या. माझ्याकडे पाहिलं. गेल्या.

२५
गाणी नाहीत. मध्येच नाही, सारखा तोच आवाज. भरभर. ताई मागून म्हणते, थांबत नाही.
चारही — ठिकाणी —
दमली तरी —
माझं नाव म्हणाला. ताई म्हणाली. छान आहे. कुणाचं

२
हात लिहितो. अजून लिहितो.
आवाज हळू झाला. थोडंच उरलं. ताई जवळ आली, मान तिरकी. आवाज म्हणाला, मी.
ताई म्हणाली, मी.
इथे कोण लिहितं आहे, कोण