फाटकापाशी लावलेले वेखंड

मी, वासंती नारायण पागे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार देवास, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, चष्मा नवा आहे, कोणाचा दाब नाही. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे. नात आरोही मराठी वाचताना अडखळते, म्हणून अंशुलने तिला हे सबंध वाचून दाखवावे. मधला भाग गाळू नये.

१. राहते घर मुलगा अंशुल यास. त्याने विकले तरी माझी हरकत नाही. सूनबाई शिखाला ते पहिल्यापासून आवडले नाही. "यहाँ तो चींटी भी नहीं है, मम्मी," असे ती पहिल्या दिवशी घाबरून म्हणाली होती. मी ते कौतुक समजले.

२. मुंगी का नाही, ते सांगते. घराभोवती मी झाडांचे कडे केले आहे: झेंडू, निरगुडी, पुदिना, गवती चहा. फवारणीचा एक थेंब नाही, तरी माझ्या वांग्याला, मावा सोडला तर, कीड म्हणून लागली नाही. शाळेतली मुले बघायला येत. कडे फक्त फाटकापाशी वीतभर उघडे होते, कारण यजमान ते बंद करू देत नसत. "येणाऱ्याजाणाऱ्याला वाट असू दे की," म्हणत, आणि नेमका तिथूनच मावा आत शिरे. यावरून आम्ही जन्मभर भांडलो. बियांचा डबा, लेबलांसह, आरोहीस.

३. नणंद सुभद्रा वन्सं यांना गवती चहाचा एक गड्डा द्यावा. नाहीतरी न विचारता नेतच आल्या आहेत. बाकी काही देऊ नये.

४. यजमान नारायणराव आठ वर्षांपूर्वी गेले. तिसऱ्या दिवशी पुरुषमंडळी अस्थी घेऊन धरमपुरीला नर्मदेवर गेली आणि मी घरी एकटी उरले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, भांडण अर्ध्यावर टाकून गेले म्हणून. मी खुरपे घेतले आणि त्या वीतभर जागेत वेखंड लावले. कडे बंद झाले. हात धुतले तेव्हा मला जिंकल्यासारखे वाटले होते, हेही लिहून ठेवते.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे ओळीने बसून होते, एकही उतरला नाही. अंशुलने आईला सांभाळीन म्हटले, घर राखीन म्हटले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून भागवले. घरी आल्यावर वन्सं सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "वहिनी, माझ्या भावाला तू काहीतरी कमी केलंस." ते मी विसरले नाही.

५. दुसऱ्या सकाळी निरगुडीखाली चुरगळलेली पाने पडली होती. येताजाता एक पान तोडायचे, बोटांत चुरडायचे, हुंगायचे आणि टाकून द्यायचे, ही यांची खोड. मी कामाच्या भवानीबाईला विचारले.

"मी नी तोडले, बाई," ती म्हणाली. "ही तो साहेबांची आदत." आणि झाडू खाली ठेवून ओट्यावर बसून राहिली.

त्यानंतर रोज. पानांचा वास ताजा असे. मी विज्ञान शिकवले आहे. वेखंडाने कीड थांबते, माणूस थांबत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही मी वेखंड उपटले नाही. पाने झाडताना मी त्यांच्याशी पुन्हा भांडू लागले होते, आणि मला बरे वाटत होते.

गेल्या महिन्यापासून पाने निरगुडीखाली पडत नाहीत. फाटकाच्या आतल्या बाजूला, वेखंडाला लागून, ढीग असतो. वाट बघत ताटकळलेला माणूसच एवढी पाने चुरडतो. मी त्यांना कोंडून ठेवले. वन्सं, तुम्ही खरे बोललात, फक्त कमी केले ते त्यांच्या मागे केले. कलम तीन रद्द. वन्संना माझे पितळी घंगाळ द्यावे, आणि चहाचा गड्डाही.

६. वेखंड मी गेल्यावर उपटावे, असे इथे लिहिणार होते. पण तोवर त्यांना तिथेच उभे ठेवायचे का? म्हणून काल सकाळी दोन्ही साक्षीदारांसमोर मी ते स्वतः उपटले. मुळ्या इतक्या खोल होत्या की शेजारच्या अर्पितला पहार आणावी लागली. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवले की वाद निघतात, म्हणून खुरपे भवानीबाईला तेव्हाच हातोहात दिले. त्या वीतभर जागेत पुन्हा कोणी काही लावू नये. माझ्या दहाव्याला फाटकही उघडे ठेवावे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो बरोबर आहे. आज सकाळी कुठेही पाने पडलेली नव्हती. हे लिहीत असताना साखरेच्या डब्याकडून एक काळी मुंगी कागदावर आली आहे आणि सहीच्या जागी फिरते आहे. तिला झटकवत नाही, म्हणून सही थोडी खाली करते. साक्षीदार सही करून गेले की आता घरात मी एकटीच.

(सही) वासंती नारायण पागे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली:
१. भवानीबाई संताजी जाधव
२. अर्पित मोघे, शेजारी

देवास, दि. ९ नोव्हेंबर २०२४