माळावरचा निसर्गनिवास

१२ मार्च १९७२, रविवार. सकाळी ७
नवी वही. निर्णय पक्का. मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसायचं नाही. आपल्या माळावर निसर्गनिवास बांधायचा. पुण्याचे आर्किटेक्ट शामकांत साहेब यांचा मासिकातला लेख चौथ्यांदा वाचला. सिमेंट नको, पत्रा नको, खिळासुद्धा नको. फक्त माती, लाकूड, गवत. शहरातली माणसं दमलेली आहेत. आमच्या माळावर बोरी, हिवर, तरवड, आणि पहाटे काळवीट. पारनेरहून अवघे दहा मैल. पाहुणे येणारच.
साहेबांना पत्र टाकलं. तीनदा तपासलं. एकही चूक नाही.

१९ मार्च, रविवार
रंगनाथदादाला योजना समजावली. शेती तोच पाहतो. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत काय खेळायचं ते खेळ, न्हाई जमलं तर मी सांगंल त्या कामाला गुमान यायचं. म्हणजे परवानगी मिळाली.
चांगुणावहिनी म्हणाली, "भावजी, पुन्याची मान्सं मातीत निजायला इतक्या लांब कशापायी येतील? तितं माती न्हाई व्हय?"
वहिनीला उत्तर देणार होतो. ती हसत निघून गेली.

२ एप्रिल
भिंती झाल्या. काठ्यांचा कूड, वर शेणमातीचा गिलावा. गिलावा वहिनीचा, देखरेख माझी.
छपराला माळावरचं गवत पुरत नाही. शाकारणारे भीमानाना म्हणाले, खाली कडबा घाल. आमच्या गंजीतल्या तीनशे पेंढ्या घेतल्या. दादा म्हणाला, ही बैलांची वैरण हाय. मी कागदावर मांडून दाखवलं. जूनला पाऊस, ऑगस्टला हिरवा चारा, तोवर उरलेली गंज पुरते. दादा कागदाकडे पाहत राहिला. पटलं असावं.

२० एप्रिल
साहेबांचं कार्ड! कल्पना उत्तम आहे, हिवाळ्यात येऊन पाहीन, पसंत पडल्यास दरमहा पाहुणे पाठवीन. 'पसंत पडल्यास' हे केवळ रीत म्हणून.
पाहुण्यांसाठी नियम लिहिले. एकूण बावीस. नियम सहा: काळविटांशी मोठ्याने बोलू नये.

३० जून
पाऊस नाही. एका परीने बरं. छप्पर नीट बसतं.

१५ ऑगस्ट
पाऊस नाही. पेरणी नाही. काळवीट जूनपासून दिसले नाहीत. दिसत नाहीत याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार. पोळा
घडलं ते क्रमाने लिहितो.
यंदा माण्या आणि हौशा या आमच्या दोन बैलांत मिळून एकच पुरणपोळी. ओवाळून झाल्यावर दादाने त्यांना माळाकडून फिरवून आणलं. निसर्गनिवासापाशी माण्या थांबला. मान वर केली. पडवीच्या छपरातून एक पेंढी ओढली. मी धावलो. मागून वहिनी ओरडली, "भावजी, हात लावायचा न्हाई! आज त्यांचा सन हाय."
मी म्हटलं, मारत नाही, नुसतं हुसकतो. दादा म्हणाला, "आजच्या दिशी बैलाला हुसकायचं म्हंजी दिवाळीला जावयाला ताटावरनं उठवायचं. उभा ऱ्हा गप."
तोवर हौशा पलीकडच्या कोपऱ्याला लागला होता. सगळे हात जोडून उभे. मलाही जोडावे लागले. माण्या चावत असतानाच वहिनीने त्याला पुन्हा कुंकू लावलं.
पडवी पाच हात होती, आता दीड हात आहे. ऊन चांगलं येतं.
संकल्प: उद्या चहूबाजूंनी बाभळीचं कुंपण.

२० ऑक्टोबर
गंज संपली. कडबा पंचक्रोशीत कुठे मिळत नाही. दादा लिंबाचा पाला तोडून आणतो. माझ्या मूळ हिशेबात चूक नव्हती. पाऊस चुकला.
माळावरून जाणारे लोक आता निसर्गनिवासाकडे थांबून पाहतात. रस वाढतो आहे. मात्र सगळे छपराकडेच पाहतात.

८ नोव्हेंबर
दिवाळी झाली. दादा म्हणाला, गहिनी, छप्पर काढ. मी म्हटलं, साहेब येऊन जाऊ देत, मग सगळं तुझं. एवढ्यासाठी आठ महिने घातले आहेत. साहेबांनी पसंत केलं तर मला जन्मभर कुणापुढे नापास म्हणून उभं राहावं लागणार नाही. हे शेवटचं वाक्य बोललो नाही. इथे लिहिलं.
दादा उठून बैलांना पाला टाकायला गेला. वहिनीने भाकरी वाढली.

२६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी माण्या उठेना. चौघांनी पोटाखाली वासा घालून उचलला. मी शेपटीकडे होतो. त्याची हाडं हाताला लागली.
भीमानाना निसर्गनिवासाकडे बोट करून म्हणाले, "जनावर हितं मरतंय आन् वैरन तितं टोपी घालून बसलीय." अडाणी माणूस. वास्तुकलेतलं त्यांना काय कळणार.

४ डिसेंबर, सोमवार
साहेबांचं कार्ड. रविवारी १० तारखेला येतो, सोबत दोन स्नेही, एक रात्र मुक्काम.
संध्याकाळी दादाने सांगितलं, शनिवारी बैल बाजारात नेतो. बाजारात सध्या घेणारे फक्त खाटकाचे दलाल. दादाने हे वहिनीला सांगितलं. मला नाही. मला सांगितलं असतं तर मी मुद्दे मांडले असते.

८ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ८
शिडी लावून छपराची तपासणी केली. वरचं गवत बाजूला करून कडब्याच्या दहा पेंढ्या खाली टाकल्या. हवा खेळायला हवी.

१०.३०
आणखी तीस. दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात.

दुपारी १
दक्षिणेची बाजू पूर्ण मोकळी. उजेड भरपूर. दादा आला, खाली उभा राहून पेंढ्या झेलू लागला.

सायंकाळी ५
छप्पर नाही. तात्पुरतं.
वहिनीने शिडी धरली होती. म्हणाली, "उतरा आता खाली, भावजी. पदर घ्या, डोळं पुसा." कडब्याचा कोंडा डोळ्यांत जातो.

९ डिसेंबर, शनिवार
दादा बाजारात गेला नाही. माळावर वारा फार, म्हणून बैल निसर्गनिवासात बांधले. भिंतींचा आडोसा उत्तम आहे.
साहेबांना तार करावी का? नको. कदाचित येणार नाहीत.

१० डिसेंबर, रविवार. सायंकाळी ६
आले. पांढरी फियाट. साहेब आणि त्यांचे स्नेही, पती-पत्नी.
साहेबांनी उतरल्याउतरल्या विचारलं, लॉज कुठे आहे? मी मुद्दे जुळवत होतो. तेवढ्यात दादा म्हणाला, "निम्मा ह्या बैलाच्या पोटात हाय, निम्मा त्याच्या. ऱ्हायल्यात त्या भिंती."
साहेबांना आधी समजलं नाही. समजल्यावर ते बराच वेळ हसले. मग हसायचे थांबले आणि बैलांजवळ गेले. भिंतींवरून हात फिरवला. गिलावा छान आहे म्हणाले. मी वहिनीचं नाव सांगितलं नाही. वहिनीने स्वतःच सांगितलं.
बिनदुधाचा गुळाचा चहा झाला. मी विचारलं, पसंत पडलं का? ते म्हणाले, पाहू, कळवतो. मुक्कामाला पारनेरच्या डाकबंगल्यावर जातो, इथे थंडी असेल.
निघताना त्यांनी खिशातून डायरी आणि पेन काढलं. मी शर्टाचं वरचं बटण लावून पुढे झालो.
त्यांनी बैलांची नावं विचारली.

११ डिसेंबर, सोमवार
दुष्काळी कामाच्या रस्त्यावर खडी फोडायला नाव लागलं. माझी जागा दादाच्या शेजारी. हाताला फोड आले आहेत, म्हणून थोडक्यात.
माण्या आज आपला आपण उठला.