खुडूक तांबडी

औंध, रविवार

प्रिय शिवांजली,

अक्षर बघून दचकू नकोस, आबाच आहे. फोन दोनदा लावला होता, तू उचलायच्या आत मीच ठेवला. पलटणीत सत्तावीस वर्षं काढली, तिथं हुकूम द्यायला शिकलो, बोलायला नाही. लग्नावरून आपलं वाजलं आणि तू घर सोडून गेलीस, त्याला तीन वर्षं झाली. तू परत यावीस असं मला रोज वाटतं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर कोंबड्यांच्या गोष्टीत राहूनच जाईल.

तर कोंबड्या. तुझी आई गेल्यापासून घरात मी आणि परड्यात तिच्या सहा कोंबड्या. दिवसभर बोलायला दुसरं कोणी नाही. थंडी सरता सरता त्यातली तांबडी खुडूक झाली, अंडी घालायची थांबून उबवायलाच बसली. रिकाम्या पाटीत पिसं फुगवून बसायची, हात लावला की टोच मारायची. ना खाणं, ना पिणं. दुसरी एक स्वतःचीच अंडी फोडून खायला लागली. म्हटलं, शिस्त बिघडली! तांबडीला गार पाण्यात बुचकळलं, दोन दिवस डालग्याखाली कोंडलं, म्हातारी माणसं करायची तसं नाकात पीससुद्धा घातलं. ते काढायला पाय मारमारून ती दमली आणि पुन्हा त्याच पाटीत जाऊन बसली. लय चिवट. तुझी आठवण झाली, रागावू नकोस.

शेवटी मीच हरलो. बाकीच्यांची अंडी साठवून अकरा अंडी तिच्याखाली ठेवली. रोज सकाळी तिला उचलून दाणापाणी द्यायचो आणि पिलं निघायचे दिवस मोजायचो. एकविसावा गेला, चोविसावा उजाडला, काही हलेना. तेव्हा शेजारच्या राहीबाईला हाक मारली. तिनं एक अंडं कानाशी हलवलं आणि कपाळाला हात लावला. आवं आबा, कोंबडा न्हाई तुमच्यात, पिलं कुठनं येत्याली, म्हणाली.

कोंबडा असणार कुठून? तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या पायावर धावून आला आणि मी रागाच्या भरात त्याला कापला. आईनं रश्शाला बोट लावलं नाही, मी एकटाच जेवलो. तेव्हापासून कोंबडी खुडूक झाली की आई राहीबाईकडून अंडी आणून बसवायची आणि त्यातले नर विकून टाकायची, हे मला आत्ता कळलं. आणि अंडी आणायला म्हणून जायची तेव्हा राहीबाईच्या फोनवरून तुझ्याशी बोलत बसायची, हेही. माझ्या बायकोला स्वतःच्या पोरीशी चोरून बोलावं लागलं, शिवू. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आईच्या दहाव्याला तू आली होतीस. निघताना दारात बराच वेळ थांबलीस, मला दिसत होतीस. मी खुराडं झाडत राहिलो. झाडून कधीच झालं होतं, पण तू वळेपर्यंत पुन्हा पुन्हा झाडलं.

मग राहीबाईनं तिच्याकडची अंडी दिली आणि तांबडी पुन्हा एकवीस दिवस बसली. काल नऊ पिलं निघाली. मी सकाळपासून तिथंच पाट टाकून बसलो होतो. दाखवायला कोणी नव्हतं.

राहीबाईनं आणखी एक सांगितलं, तुला सातवा लागलाय म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण आई नाही म्हणून तू गप्प बसली असशील. आई नाही, पण माहेर आहे. मधल्या खोलीला चुना दिलाय, बाज नव्यानं विणून घेतलीय. बाळाला न्हाऊ घालायला राहीबाई येणार आहे आणि डिंकाचे लाडू मी तिच्या हाताखाली शिकतोय, पहिला घाणा करपला. माझं चुकलं, पोरी. जावईबापूंना माझा रामराम सांग, सांगलीहून दोघं मिळूनच या. अंगणात जरा जपून, तांबडी पिलांजवळ कुणाला येऊ देत नाही. मी या खेपेला खुराड्याकडं जाणार नाही, दारातच उभा असेन.

तुझाच,
आबा