कार्डाचा कोपरा

सेवाघर, झांबिया
१२ जानेवारी २०२५

ती. कमलाकरमामांस,
येशू नामात सप्रेम सलाम. वि. वि.

आम्ही येऊन तीन आठवडे झाले. फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतले. सेवा दोन वर्षांची, तोवर फोन नाही, दीड महिन्यातून एकदा घरी पत्र, असा इथला नियम. बरोबरची पोरं रडकुंडीला आली. मला मात्र तुमचा चेहरा आठवला. उभा जन्म पनवेलकरांची पत्रं वाटली, पण मला कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, ही तुमची तक्रार आता मिटली म्हणायची.

पहाटे पाचला प्रार्थना, मग पाणी. हातपंप चांगलाच लांब आहे. शुक्री डोक्यावर हंडा घेते आणि हात सोडून चालते. मी बादली दोन्ही हातांनी धरते तरी निम्मं पाणी माझ्याच पायांवर. नंतर जोडीजोडीनं घरोघर जायचं. माझी जोडी शुक्रीशी आहे, आणि जोडीदाराला कधी एकटं सोडायचं नाही हा इथला पहिला नियम आहे. मी दारात उभी राहून पाठ केलेली वाक्यं म्हणते तोवर ही आत जाऊन बायकांबरोबर भाजी निवडायला बसलेली असते. भाषा कळत नाही, तरी सगळ्या हिला नावानं हाक मारतात. खांदा कॉलनीच्या चर्चमध्ये मी तिला बाराखडी शिकवली. आता इथं ती माझी मास्तरीण झाली आहे.

जेवायला मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते. आमचे प्रमुख इंद्रजीतसर मराठीच आहेत, फार हळू बोलतात. पासपोर्ट त्यांनी आपल्या कपाटात सांभाळायला घेतले आहेत. पत्रंही तेच टाकतात.

शुक्रीच्या आईबापांना वाचून दाखवा की पोरगी मजेत आहे आणि रोज दोन वेळा हसते, एकदा माझ्या चालण्याला आणि एकदा माझ्या भाकरीला. तुम्ही शिकवलं तसे पानांवर आकडे घातलेत, पत्ता नीट लिहिलाय, कोपरे शाबूत आहेत. पाचवीत त्यावरून खाल्लेली थप्पड अजून आठवते.

आईला सलाम, अवीदादाला टपली. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची भाची,
रोहिणी

---

सुकापूर
१० फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणी हिस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. टाकायला आलेला पोरगा नवीनच होता. दारातून फेकून चालला होता, त्याला बोलावून पाणी पाजलं आणि पत्र हातात कसं द्यावं ते सांगितलं. तुझी आई म्हणाली की निवृत्त झालात, आता तरी गप्प बसा.

इकडे सगळं ठीक. वारा फिरला की पहाटे तळोज्याच्या कारखान्यांचा वास इथपर्यंत येतो, बाकी तक्रार नाही. तुझी आई मोबाईल जवळ घेऊनच बसते. तो वाजणार नाही हे तिला माहीत आहे, तरी बसते.

रविवारी नेऱ्यापुढच्या वाडीवर शुक्रीच्या आईबापांकडे जाऊन आलो. अंकुश वीटभट्टीवरून नुकताच आला होता. मला बाजेवर बसवलं, गंगाबाईनं कोरा चहा दिला. पत्र दोनदा वाचायला लावलं, आणि हसण्याची ओळ तीनदा. गंगाबाईनं विचारलं की तिकडं डोसक्याला त्याल मिलतं का नाय. मी म्हटलं, विचारून सांगतो. तेव्हा सांग.

रोहिणी, एक बोलतो. शुक्रीला परदेशी धाडायला अंकुश तयार नव्हता. त्यानं फॉर्मवर अंगठा लावला तो तुम्हाला धाडणाऱ्या मंडळाकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. दोन वर्षांनी पोरगी तुझ्या दारात आणून उभी करीन, असं मी त्याला म्हटलंय. तेव्हा तुझ्याबरोबर तीही माझी जबाबदारी. जोडीचा नियम चांगला आहे, तो पाळा.

आणखी एक. पत्रावर तारीख बाराची, तिथल्या पोस्टाचा शिक्का तेवीसचा. अकरा दिवस पत्र कुठं मुक्कामाला होतं? सहज विचारतो.

आशीर्वाद तर आहेतच, पत्र मात्र वेळेवर येऊ दे.
तुझा,
कमलाकरमामा

---

सेवाघर, झांबिया
२ मार्च २०२५

ती. मामांस,
येशू नामात सलाम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, पाकीट जरा चुरगळलेलं होतं. गंगाकाकूंना सांगा, तेल मिळतं, पण वासाचं नाही.

शुक्रीला ताप येतोय. हा तिसरा आठवडा. दुपारी हुडहुडी भरते, चार चादरी घातल्या तरी दात वाजतात. मग घाम फुटून ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी ती उठून पाणी आणायला निघते, की मला वाटतं बरी झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परवा हातपंपापाशी खाली बसली, तेव्हा गावातल्या दोन बायकांनी तिला धरून आणलं. त्यातली एक इंद्रजीतसरांना हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि सारखी रस्त्याकडे बोट दाखवत होती. सरांनी हसून तिचे आभार मानले आणि दार लावून घेतलं.

औषधाची पेटी सरांच्या कपाटात आहे. ते म्हणतात की ज्याचा विश्वास उणा त्याला गोळ्या लागतात, आणि शुक्रीचा विश्वास आपल्या सगळ्यांहून मोठा आहे. तिच्यासाठी सगळ्यांनी उपास धरलाय. मीही दोन दिवस धरला. मामा, तिच्याजवळ बसले की मनात नाही नाही ते येतं. सर म्हणतात की जोडीदाराची शंकाच आजाऱ्याला भोवते. मला भीती वाटते की ते खरं असेल, आणि खरं नसेल याची त्याहून जास्त वाटते. म्हणून काल सर प्रार्थनेला गेले तेव्हा मी कपाटाची किल्ली

(पान ४)

एवढंच करा. आईला यातलं काही सांगू नका.

लेकरांवरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
रोहिणी

---

सुकापूर
२४ मार्च २०२५

चि. रोहिणी हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र परवा आलं. आधी कामाचं वाच. एक दिवस सोडून येणारा, थंडी वाजून चढणारा आणि घामानं उतरणारा ताप म्हणजे हिवताप. आमच्या डोंगरपट्टीत हे शाळकरी पोरालाही कळतं. त्याला रक्ताची तपासणी आणि गोळ्याच लागतात. प्रार्थना मीही करतो, चर्चमध्ये साठ वर्षं गेली माझी, पण गोळी देणाऱ्या डॉक्टरलाही देवानंच धाडलंय. ती बाई रस्त्याकडे बोट दाखवत होती ना, तिकडेच दवाखाना असणार. शुक्रीला तिकडे घेऊन जा. पाठुंगळी घ्यावं लागलं तरी ने.

आता दुसरं. पत्राचं पान तीन आत नाही. पाकीट वाफेवर उघडून पुन्हा चिकटवलंय. कडेचा मूळ डिंक निघालाय आणि त्यावर दुसरा गोंद आहे, तोही घाईत लावलेला. तिकिटं जास्त वजनाची आहेत आणि आतला ऐवज कमी. छत्तीस वर्षं या हातांतून पाकिटं गेली, मला फसवायला अजून कुणी जन्माला यायचाय. हे पत्रही जो कोण उघडील त्यानं नीट वाचावं. पोरीच्या केसाला धक्का लागला तर पनवेलचा हा म्हातारा वकिलातीपर्यंत जाईल. तुमच्या मंडळाच्या इकडच्या ऑफिसात मी जाऊन आलो. शटर खाली होतं, बोर्डही काढलेला.

वाडीवर गेलो होतो. तापाचं वाचलं नाही. पोरगी मजेत आहे, तेल मिळतं, एवढंच सांगून चहा प्यायलो. गंगाबाई खूश झाली. तो चहा मला पचला नाही, रोहिणी. पुढच्या वेळी खरंच बरी आहे असं सांगता येईल एवढं कर.

काळजी तुझी आणि तिची सारखीच आहे.
तुझा,
कमलाकरमामा

---

(साधं पोस्टकार्ड)

सेवाघर, झांबिया
१३ एप्रिल २०२५

ती. मामांस,
येशू नामात सलाम. वि. वि.

आम्ही दोघीही मजेत आहोत. शुक्री आता पूर्ण बरी आहे, तिला कसलाही त्रास उरलेला नाही. पाकिटांमुळे घरच्यांचे गैरसमज होतात, म्हणून यापुढे सर्वांनी कार्डच लिहायचं ठरलं आहे. सेवेत मन लागावं यासाठी पुढचे सहा महिने आपण पत्र धाडू नये, ही विनंती. सर फार काळजी घेतात.

कार्ड माझ्या हातून थोडं फाटलं, पण दुसरं मिळणार नव्हतं. तुम्ही रागवाल, पाचवीत रागावला होतात तसे.

लोभ सुटू देऊ नका.
आपली,
रोहिणी

---

सुकापूर
६ मे २०२५

चि. रोहिणी हिस, अ. उ. आ.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. अवी हातोहात घेऊन येतोय. जन्मभर टपालखात्याचं मीठ खाल्लं आणि म्हातारपणी टपालावर विश्वास ठेवू नये अशी वेळ आली.

कार्ड मिळालं. वरचा कोपरा फाटलेला पाहिला आणि ओट्यावरच बसलो. तुझी आई म्हणाली, प्रवासात फाटलं असेल, आणि चिकटपट्टी शोधायला लागली. मीही स्वतःला तेच समजावून पाहिलं. पण टपालात कागद फाटतो तो वेडावाकडा. हा नखानं रेघ ओढून, दुमडून, सरळ फाडलेला आहे. मयताची बातमी असली की पूर्वी कार्डाचा कोपरा फाडत, म्हणजे वाचायच्या आधीच माणसाला कळावं. तसलं कार्ड घरात नेत नाहीत. तू पाचवीत माझ्या थैलीतल्या कोऱ्या कार्डाचा कोपरा खेळता खेळता फाडलास म्हणून तुला मारलं होतं, जन्मात एकदाच. तेव्हा कारण सांगितलं होतं, ते तू लक्षात ठेवलंस. अक्षर तुझं आहे, म्हणजे तू आहेस. मग गेली कोण, हे मला वाचावं लागलं नाही.

चूक माझी आहे. पाकीट उघडलं जातंय हे माझ्या ध्यानात आलं, ते मनात ठेवायचं होतं. मी फुशारकीनं त्याच पाकिटात लिहून धाडलं. तुझ्या हातची पाकिटं माझ्या जिभेनं काढून घेतली. माझं पत्र तरी तुझ्यापर्यंत आलं की नाही, दवाखान्याचं तुला वाचायला मिळालं की नाही, हे विचारायची हिंमत होत नाही.

काल वाडीवर गेलो. असली कार्डं मी कधी दारातून आत टाकली नाहीत. नेहमी बाहेर उभा राहून घरच्याला अंगणात बोलवायचो. कालही कुडाबाहेर उभा राहिलो. गंगाबाई हात पुसत आली. शुक्रीला धाडायला तिनं वासाच्या तेलाची बाटली आणून ठेवली होती, ती दाखवायची म्हणून आत या म्हणाली. मी गेलो नाही. पुन्हा म्हणाली, बाज टाकलीय, या. मी हललो नाही, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, कोपऱ्याचं तिला ठाऊक नाही. तरी मी काही बोलायच्या आधीच ती खाली बसली. मग तिनं एवढंच विचारलं की पोरीच्या जवल कोन व्हतं का नाय.

अंकुश बाहेर आला. म्हणाला की तुमी दारात आनून हुबी करीन बोल्ले व्हते, तर आना. जशी असंल तशी आना.

वकिलातीला सगळं लिहून कळवलंय. त्यांचा माणूस अवीबरोबर सेवाघरात येणार आहे, पासपोर्ट तेच मागून घेतील. घाबरू नकोस, कुणाशी वाद घालू नकोस. तिला कुठं ठेवलंय ते अवीला दाखव आणि सगळे कागद होईतो तिथून हलू नकोस. तुला आधी विमानात बसवतील, पण तू बसू नको. तिकिटं दोघींची मिळून काढायची, असं अवीला बजावलंय. जोडीदाराला एकटं सोडायचं नाही हा तुमचा नियम आहे ना, तो आता आपण पाळायचा. वाडीवर पोचलीस की गंगाबाईला तिच्या प्रश्नाचं उत्तर तू दे, आणि जे असेल ते खरं दे. मी एकदा खोटं सांगितलंय त्या अंगणात.

लोभ आहे, असं लिहायला तोंड उरलं नाही. तरी आहे.
तुझा,
कमलाकरमामा

ता. क. तेलाची बाटली अवीजवळ दिली आहे. गंगाबाईनं सांगितलंय की शुक्रीचे केस तूच विंचर.