अकरा आगगाड्या आणि खिडकीतली बाई

लिहून ठेवणार शालिग्राम रंगराव पऱ्हाड, वय एकसष्ट, धंदा पाट्या रंगवणे, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दटावून किंवा गोड बोलून हा कागद लिहवून घेतलेला नाही. माझ्यामागे खालीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर, दोन खोल्या व ओसरी, पत्नी सत्यभामा हिच्या हयातीत तिचे, तिच्यानंतर मुलगा भगवान याचे. भगवानने आतल्या भिंतीला चुना देऊ नये. तिथे माझ्या पेन्सिलीची मापे आहेत.

२. ब्रश, रंगाच्या पुड्या व मापाचा दोरा मुलगी जनका, सासर पिंपळगाव राजा, हिला. सात वर्षांची असताना तिने चित्रातल्या चाकाचे आरे मोजून मला दाखवले की मी एक कमी काढला आहे. भगवानला चाक गोल असते एवढेच ठाऊक, तेव्हा त्याने रुसू नये.

३. हाताने रंगवलेल्या आगगाड्यांच्या अकरा तसबिरी. यांची हकीकत सांगणे भाग आहे. मलकापूर स्टेशनात पाट्या रंगवायला गेलो असता तिथल्या मास्तरांनी बदलीच्या वेळी मला एक विलायती पुस्तक दिले. त्यात आगगाडी नवी निघाली तेव्हाची जुनी चित्रे होती: उंच टोप्यांचे साहेब, बग्गीसारखे डबे, गाडीपुढे घोड्यावर झेंडीवाला. पानावर दोऱ्याच्या चौकटी ताणून मी ती मोठी करून उतरवली. पण पुस्तकातली चित्रे काळीपांढरी, आणि मेहकरला रूळ नाही. रंग कोणाला विचारावे? सत्यभामा जलंबची, तिच्या माहेरचा भाजीचा मळा रुळाला लागून. ती चुलीत कपाशीच्या काड्या सारतासारताच सांगायची, "धूर पऱ्हाटीच्या धुरावानी करा. निघतानी काया, मंग निया." म्हणून माझ्या विलायती गाड्यांचा धूर आधी काळा, मग निळा, आणि वरचे आभाळ जलंबचे आहे.

४. मेहुणे शेषराव यांच्याविषयी. सन १९४२ मध्ये त्यांच्या मुलीच्या लग्नात यातली पहिली तसबीर मी आहेर म्हणून नेली. ती हातात घेऊन ते सर्वांदेखत म्हणाले, "दाजी, ड्रायवरले पान्यापावसात काऊन उभं केलं? छप्पर इसरले का?" सगळा मांडव हसला. त्या काळच्या इंजिनाला छप्परच नव्हते, एवढे सांगितले असते तर भागले असते. मी दिलेला आहेर उचलला, बायकोला पंगतीतून उठवले आणि दमणीला बैल जुंपले. तेव्हापासून बावीस वर्षे मी त्या घरची पायरी चढलो नाही, तिलाही चढू दिली नाही. चौथ्या वर्षी सासूबाई अत्यवस्थ असल्याची तार आली. मी म्हणालो, शेषरावाने स्वतः न्यायला यावे. तेवढ्यात त्या गेल्या. त्या दिवशी सत्यभामा माझ्या काळ्या रंगासाठी काजळी खलत बसली. इंजिनाबाबत मी खरा होतो. बाकी सगळ्यात चुकलो आणि त्याची मला लाज वाटते.

५. पुढच्या दहाही तसबिरींत शेवटच्या डब्याच्या खिडकीशी हिरव्या लुगड्यातली एक बाई आहे. मूळ चित्रांत ती नाही. दुपारी डुलकी लागली की ती गाडी मला दिसते. पैनगंगेवरून, बालाजीच्या देवळामागून, उभ्या ज्वारीतून ती आवाज न करता जाते, रूळ नसले तरी तिचे अडत नाही. गाव जवळ आल्यासारखी बाई उठते, पदर सावरते. मग मी जागा होतो आणि ओसरीवर ऊन आलेले असते.

६. माझ्यामागे भगवानने आईला जलंबला पोचवावे व पहिली तसबीर शेषरावांस द्यावी, असे कलम मी काल लिहिले आणि सत्यभामेला वाचून दाखवले. ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, "बावीस वर्सं मले गाडीत बसवून ठेवलं तुमी. गाडी काई हालली नाई. आता तुमच्या मराची वाट पाहू का?"

मी म्हणालो, "तुही माय तं राह्यली नाई आता."

"भाऊ हाय ना," ती म्हणाली आणि सूप झटकले.

सबब हे कलम रद्द. खामगावपर्यंत मोटार, पुढे आगगाडी, असे आम्ही दोघे जाऊ आणि ती तसबीर मी माझ्या हाताने देईन. वकील म्हणतात, ज्याला काही ठेवायचे त्याला साक्षीदार करू नये. शेषरावांना आता या कागदातून काही मिळत नाही, तेव्हा त्यांची सही घेण्यास हरकत नसावी. उरलेल्या दहा तसबिरी सत्यभामेच्या. तिने ठेवाव्या, वाटाव्या, नाहीतर चुलीत घालाव्या, कोणी विचारू नये.

सही: शालिग्राम रंगराव पऱ्हाड

साक्षीदार:
१. शेषराव गणपत ढोले, जलंब
२. पुंजाजी सखाराम ढोले, जलंब

स्थळ: मेहकर लिहिले होते ते खोडून जलंब.

दिनांक: ११ मार्च १९६४. निघालो तीन तारखेला. तसबीर हातात दिली, पण कागद पुढे केला तर शेषराव म्हणाले, "पयले जेवा दाजी, मराचं मंग पाहू." असे आठ दिवस गेले. सत्यभामा माघारी निघायचे नाव काढत नाही, आणि मीही काढत नाही.