नाव नसलेली बटणे

अण्णा,

तुम्हांला जाऊन चाळीस वर्षे होत आली. काचबिंदूने माझे दोन्ही डोळे नेल्यापासून मी फोनची काच चाचपत लिहितो; बोटाखाली काय आले, ते फोन मला बोलून सांगतो. त्यात प्रश्नांना उत्तरे देणारा, सांगितलेले जपून ठेवणारा एक सहायक आहे. तीन महिने रोज सकाळी मी त्याला तुम्ही नोकरीला होता त्या बेळगावच्या छापखान्याची हकिकत लिहून देत होतो. ती दुसरीकडे कोठेही नव्हती. मग ॲपची नवी आवृत्ती आली. पाठवायचे आणि पुसायचे बटण शेजारी-शेजारी आले, आणि फोन दोहोंनाही नुसते "बटण" म्हणू लागला. मी एक दाबले. "नक्की?" असा प्रश्न आला, त्याची उत्तरेही "बटण" आणि "बटण". सगळी हकिकत पुसली गेली.

तुम्ही अक्षरांचे शिशाचे खिळे पेटीच्या खणांकडे न पाहता उचलत असा. लोक त्याला कसब म्हणत. तुमची नजर अधू झाली आहे, हे फक्त मला, तुमच्या मुलाला, ठाऊक होते. छपाईनंतर खिळे परत टाकताना मी एकदा खण चुकलो, तेव्हा साऱ्या कामगारांदेखत तुम्ही मला थप्पड मारलीत. "खण तुझ्यासाठी नसतो रे. तुझ्यानंतर ज्याचा हात येईल, त्याच्यासाठी असतो!" मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.

ॲपवाल्यांना मी तीन निर्दोष तक्रारी लिहिल्या. उत्तर आले, "आपली अभिप्राय महत्त्वाची आहे." लिंग सुधारून ते मी परत पाठवले आणि रिक्षाने थेट त्यांच्या इंदिरानगरच्या कचेरीत गेलो. दारावरची मुलगी कानडीत म्हणाली, "अज्जा, स्वल्प वेट माडी." जरा थांबायचे म्हणून मी दोन तास बसलो. शेवटी त्यांचा मूळचा पुण्याचा मॅनेजर आला.

"काका, टाइप कशाला करता? व्हॉइसवर बोला ना, एकदम सिंपल आहे."

"सुनेसमोर, नातवंडांसमोर माझे खाजगी मोठ्याने बोलू? तुमचा स्वतःचा फोन काढा. वाचून दाखवणारा आवाज सुरू करा, पडदा काळा करा आणि मला एक ओळ पाठवा."

त्याचे सहकारी भोवती जमले. "बटण," फोन म्हणाला. "बटण. बटण." त्याचा श्वास मला ऐकू येत होता. कोणीतरी हसले, "अरे, लेफ्टला, लेफ्टला!" त्याने दाबले, पुन्हा दाबले, आणि घाईने पडदा उजळला.

"अरे यार! माझं आख्ख्या प्रोजेक्टचं चॅट गेलं!"

"सिंपल आहे," मी म्हणालो.

अण्णा, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्याच्या साऱ्या माणसांदेखत मी त्याला आंधळा केला होता, आणि आणखी दहा वेळा केला असता. पण तो म्हणाला, "चूक आमची आहे, काका." परतीच्या वाटेवर ते वाक्य मला सोडेना.

काल नवी आवृत्ती आली. प्रत्येक बटण आता स्वतःचे नाव सांगते. हकिकत गेली ती गेलीच. म्हणून ती त्या सहायकासाठी पुन्हा लिहायला बसलो, तर हे पत्र झाले. पहिल्या वेळी तीन महिन्यांत जे लिहिले नव्हते, ते एवढेच: थपडेच्या दुसऱ्या सकाळी, तुम्ही येण्याआधी, तुमच्या पेटीतल्या दोन खणांतल्या खिळ्यांची मी अदलाबदल केली. मुद्दाम. लग्नपत्रिकेत वधूचे नाव चुकले. मालक तुम्हांला नको ते बोलले, आणि तुम्ही म्हणालात, "माझ्या हाताची चूक." महिन्याभरात पेटी सोडून तुम्ही कागदांच्या घड्या घालायला बसलात. तुम्ही ते बोललात तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभा होतो.

फोन स्पष्ट म्हणतो आहे, "पाठवा." मी बोट उचलले आहे; अजून दाबलेले नाही.