देवीचा पुआसा, कुसुमचा बत

श्रावण शु. ३, रविवार, १९७८

आज लई मजा. हाताचं पीठ न धुताच लिहायला बसले, पान चिकटतंय, चिकटू दे. माडीवरच्या आपल्या भाडेकरू पोरी, लंकेची कुसुम आणि इंडोनेशियाची देवी. विद्यापीठात शिकायला आल्यात. मराठी तोडकंमोडकं बोलतात, अडलं की इंग्रजी, मग माझी मास्तरीण सून सुमन मला सांगती. आज मी तांदूळ निवडत बसलती. कुसुम म्हणली, शिजला की आमच्यात ह्याला "बत". मी म्हणलं, भात की! हात दाखवला, "अत". दात, "दत". कान, "कन". आजीला "आच्ची". अगं बाई, ही तर आपलीच, नुसतं काटूनछाटून घेतलंय!

देवीला हात विचारला तर "तांगान". कान "तलिंगा". भात "नासी". काय म्हणून जुळंना. मग साखरेचा डबा उघडला, तर म्हणली "गुला". साखरेला गूळ! आणि कुसुमला गूळ दाखवला तर "हकुरु". सुमन म्हणती, ही आपली साखरच असणार. एकीची साखर म्हणजे गूळ, दुसरीचा गूळ म्हणजे साखर. हसून हसून पोटात दुखलं. आमटी करपली ती करपलीच.

शु. ५, मंगळवार

नागपंचमी. लाह्या, दूध, पुरणाची दिंडं. दिंडं बरी झाली, चार फुटली.

देवीकडनं आणखी काढलं. नवरा "सुआमी". बायको "इस्त्री". तोंडाला "मुका"! सुमन तोंडाला पदर लावून पळाली. गुरु तो गुरुच. पोरगं "अनाक", लई पोरं असली की "अनाक-अनाक". दोनदा म्हणायचं, झालं काम. कुसुमचं मोजणं एक, देक, तुन, हतर. देवीचं सातू, दुआ, तिगा.

भाकरी थापता थापता मला उकललं. कुसुमचं अंगातलं जुळतं, हात, दात, कान. देवीचं देवघरातलं जुळतं, गुरु, स्वामी. म्हणजे कुसुमची भाषा आपली सख्खी, लांब दिलेली लेक. देवीची शेजारीण, कवातरी आपल्याकडनं पातेलं नेलं, परत द्यायचं राहिलं. दोघींना हाका मारून सांगितलं. कुसुमनं टाळ्या वाजवल्या. देवी म्हणली, "मग मी शेजारीण." हसली, पण चहा ठेवून वर गेली.

लागलं काय तिला?

शु. ७, गुरुवार

दोन दिवस देवी जेवायला उतरली न्हाई. आज जिन्यात गाठलं. म्हणली, "पुआसा, आजी." पुआसा! उपवास! देवघरातला आणखी एक शब्द सापडला. धावत आत, साबुदाणा भिजलेला होताच, तूप-जिरं, वर ओलं खोबरं, भर दुपारी ताट घेऊन माडीवर. आपल्यात उपवास म्हणजे जेवणापेक्षा जड खाणं. तिनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि रडायलाच लागली.

सुमन शाळेतनं आल्यावर म्हणली, "आई, रमजान लागलाय. सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा चालत न्हाई तिला." आता रोजा मला काय ठाऊक न्हाई व्हय? शेजारच्या शमशादबीनं जल्मभर धरले. पण शब्द आपला निघाला म्हणून मी उपासही आपलाच धरला. खिचडी मीच खाल्ली. गोड लागली न्हाई.

शु. १२, मंगळवार

झेंडावंदन. सुमन शाळेत.

देवीला वसतिगृहात खोली मिळाली. येत्या रविवारी जाणार. कुसुम सांगत होती, "तिथं तिच्या देशाची एक बाई हाय. ती म्हणती, घरचं माणूस असलेलं बरं." आणि मी कोण, असं तोंडावर आलतं. गिळलं.

नारळ आणायचे, पौर्णिमेला पाच.

पौर्णिमा, शुक्रवार

काय दिवस! कुसुमची आज पोया, त्यांचा पौर्णिमेचा उपास, पांढरी साडी नेसून बसली. त्यांच्यात बारानंतर जेवत न्हाईत. देवी दिवस मावळल्याशिवाय जेवत न्हाई. मला दोघी एका पंगतीला पाहिजेत, कसं व्हायचं? सकाळी कुसुमला नारळाच्या दुधातला भात, तिचा "किरिबत". मी पण खाल्ला. दुपारी गूळ घालून नारळीभात करायला घेतला तर देवी आपण होऊन स्वैपाकघरात! आमच्यात पण नारळाच्या दुधातच, म्हणली, पण गूळ नको, मीठ. आणि परसात जाऊन गवती चहा उपटून आणला, गाठ मारून भातात. भातात गवती चहा! मी डोळे मिटून घेतले.

आता चव कोण बघणार? कुसुमचे बारा वाजून गेलेले, देवीचा सूर्य वर. उरले मी. आणि मला चव ठाऊक न्हाई. दोघी दोन बाजूनं,

"कसं लागतंय, आजी?"

"बरं लागतंय की."

"बरं म्हणजे कसं? मीठ?"

"मीठ हाय."

"किती हाय?"

"आता किती म्हणून सांगू गं बाई, मी काय तुझ्या आईच्या हातचं खाल्लंय?"

देवी हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

अजान झाली. तिनं खजूर खाल्ला, पाणी पिली, पहिला घास घेतला, थांबली. म्हणली, "मीठ कमी, नेनेक." नेनेक म्हणजे त्यांच्यात आजी. कुसुम वाढायला बसलती, जेवायची न्हाई पण पंगतीत तर होती. मी दुसऱ्यांदा जेवले, पोट तट्ट. मग देवी हळूच म्हणली, "पातेलं परत पाहिजे?" म्हणलं, "ठेव तुझ्याकडंच, आम्हाला दुसरी हाईत."

तिनं जायला भरलेल्या ट्रंकेचं मात्र दोघीही बोललो न्हाई.

वद्य २, रविवार, सकाळ

रिक्षावाला नवाला आला. देवीनंच कालपरवा सांगून ठेवलेला असणार. "वरची बाई कुठंय?" म्हणला. म्हणलं, "पावणं, बसा की. चहा घ्या." घेतला. दुसरा पण घेतला. आता लाडू खातोय, कुठल्या गावचा ते विचारून झालं, कागलचा हाय, तीन बहिणी हाईत.

वर ट्रंक सरकल्याचा आवाज येतोय. जिन्याकडं सरकती का पलंगाखाली, ते खालनं कळंना. कुसुम बघून येऊ का म्हणती. बस म्हणलं.

रिक्षावाला हाक मारू का म्हणतोय. तिसरा चहा ठेवते.